प्रेमगीतांची थट्टा करणारे कामगारांचे गाणे



युनियनचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर कामगार कायदे यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. मी मात्र आज एका गाण्याविषयी बोलणार आहे, आणि तेही थट्टेच्या गाण्याविषयी. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढे जे काही शिकलो ते ग्रंथालयात आणि कारखान्याच्या गेटवर. तेव्हा संगीताची शास्त्रीय चर्चा माझ्याकडून होणार नाही. पण या गाण्याशी माझा एक जुना हिशेब आहे, तो आधी सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तयार कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात आमची युनियन नुकतीच उभी राहिली होती. कामगारांत बायकाच अधिक. पहिल्या वार्षिक मेळाव्याचा कार्यक्रम ठरवताना काही मुलींनी सिनेमातली गाणी म्हणू का, असे विचारले. मी नाही म्हटले. कामगारांच्या व्यासपीठावर चंद्रचांदण्याची गाणी नकोत. पोवाडा म्हणा, लढ्याची गाणी म्हणा, असा हुकूम सोडला. मेळावा झाला, भाषणे झाली. पण मागच्या रांगांतल्या बायका अर्ध्यातूनच उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी गेटवर एका वयस्क बाईंना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, दिवसभर मशीनची घरघर ऐकायची, सुपरवायजरची बोलणी ऐकायची, आणि संध्याकाळी तुमचं भाषण ऐकायचं. मग आम्ही गायचं कधी?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे जुन्या पुस्तकांच्या बाजारात अमेरिकेतल्या कामगार चळवळीवरचे एक पुस्तक हाती आले आणि त्यात 'पिन्स अँड नीडल्स' या नाटकाची हकीगत वाचली. पिन्स अँड नीडल्स म्हणजे टाचण्या आणि सुया. हे नाटक केले होते न्यूयॉर्कच्या शिलाई कामगारांनी, आणि त्यातले सर्वांत गाजलेले गाणे प्रेमगीतांची थट्टा करणारे होते. मला वाटले, घ्या, आपल्या बाजूचा साक्षीदार सापडला! पुढे वाचत गेलो तसे ध्यानात आले की, साक्षीदार माझा नव्हता. तो त्या बाईंचा होता. ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

प्रथम, ज्या गाण्यांची थट्टा झाली ती गाणी कोणती, हे पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क शहरात गाण्यांचा एक मोठा धंदा उभा राहिला. अठ्ठाविसाव्या रस्त्यावर संगीत-प्रकाशकांच्या कचेऱ्या एकीला लागून एक होत्या. खोल्याखोल्यांतून एकाच वेळी वाजणाऱ्या पियानोंच्या गोंगाटावरून या वस्तीला 'टिन पॅन अ‍ॅली', म्हणजे पत्र्याच्या भांड्यांची गल्ली, असे नाव पडले म्हणतात. तेथे गाणी मापात बनत. ठरलेला साचा बत्तीस मात्राखंडांचा. त्याचे आठ-आठांचे चार भाग. पहिली चाल दोनदा, मग एक वेगळी चाल, आणि शेवटी पुन्हा पहिली. शब्दांचाही साचा ठरल्यासारखाच. इंग्रजीत चंद्राला 'मून' म्हणतात आणि जून महिन्याला 'जून'. ही दोन यमके जुळली की निम्मे गाणे झाले. जून हा तिकडे लग्नसराईचा महिना, त्यामुळे अर्थही आपोआप जुळे. पुढे रेडिओ आणि बोलपट आले तेव्हा हा माल घराघरात पोचला.

गंमत अशी की, या साच्याची थट्टा प्रथम त्या धंद्यातल्याच माणसांनी केली. जॉर्ज आणि आयरा गर्श्विन हे दोघे भाऊ त्यातले नामांकित कारागीर. १९३१ सालच्या 'डिलिशस' या चित्रपटासाठी त्यांनी 'ब्ला, ब्ला, ब्ला' नावाचे गाणे रचले. त्यात ओळीच्या शेवटचे चंद्र-जून जातीचे यमक तेवढे शाबूत, आणि बाकीच्या जागी 'ब्ला ब्ला' हे निरर्थक अक्षर. शब्द गळून पडले तरी ऐकणाऱ्याला गाणे पुरते कळते! त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या 'ऑफ दी आय सिंग' या संगीतिकेत तर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार 'प्रेम' हाच आपला जाहीरनामा म्हणून निवडणूक लढवतो. दुसऱ्या वर्षी या नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

हे हसू ज्या काळात पिकले तो काळ मात्र हसण्याचा नव्हता. १९२९ साली शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतला जवळजवळ दर चौथा कामकरी माणूस बेकार झाला. फुकट पाव आणि सूप मिळवण्यासाठी शहरांतून रांगा लागत. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर शेजारच्या दुकानातल्या रेडिओवरून चंद्र आणि जून पडत असत. या विसंगतीतून आपले गाणे जन्मले.

आता गाणाऱ्यांकडे वळू. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची 'इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन' ही संघटना १९०० साली स्थापन झाली. सभासदांत बहुसंख्या स्त्रियांची. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आणि इटालियन मुलींची. पुढारी मात्र बहुतेक पुरुष, हे आपल्याकडच्या युनियनवाल्यांना नवीन वाटणार नाही. १९०९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालू असताना क्लारा लेमलिक नावाची तेवीस वर्षांची मुलगी उठली आणि तिने यिडिश भाषेत सरळ सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. वीस हजारांवर शिलाई कामगार त्या संपात उतरले. पुढे २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचा दरवाजा कुलूपबंद होता. १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली. कित्येकींनी नवव्या मजल्याच्या खिडक्यांतून उड्या टाकल्या. आज कारखान्यांत अग्निसुरक्षेचे जे नियम आपण मागतो, त्यांच्यामागे जगातल्या अशा अनेक आगींची राख आहे.

मंदीच्या पहिल्या वर्षांत ही युनियन जवळजवळ दिवाळखोर झाली होती. १९३२ साली डेव्हिड डुबिन्स्की अध्यक्ष झाले. तेही मूळचे कापड कापणारे कटर. १९३३ साली रूझवेल्ट सरकारने नवे औद्योगिक धोरण आणले आणि संघटना करण्याच्या हक्काला कायद्याचा आधार दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या साठ हजार शिलाई कामगारांनी संप करून तो जिंकला. सभासदसंख्या दोन-तीन वर्षांत दोन लाखांवर गेली. नव्या सभासदांना केवळ वर्गणीच्या पावतीने बांधून ठेवता येत नाही, हे या युनियनने ओळखले. तिने शिक्षणवर्ग काढले, खेळांचे संघ काढले, गायनवृंद काढले, आणि शेवटी एक नाटकगृह घेतले.

त्या नाटकगृहाचा इतिहासही मोठा बोलका आहे. न्यूयॉर्कच्या एकोणचाळिसाव्या रस्त्यावरचे 'प्रिन्सेस थिएटर' म्हणजे २९९ खुर्च्यांची इवलीशी जागा. १९१५ ते १९१८ या काळात जेरोम कर्न, गाय बोल्टन आणि आपल्याकडेही आवडीने वाचले जाणारे पी. जी. वुडहाऊस यांच्या सुबक प्रेमसंगीतिका तेथे गाजल्या. प्रेमगीतांचे जणू ते माहेरच. त्याच रंगमंचाला युनियनने 'लेबर स्टेज' असे नाव दिले आणि तेथे शिलाई कामगारांना उभे केले.

नाटकशाखेचा कारभार लुई शाफर यांच्याकडे होता. त्यांनी हॅरॉल्ड रोम या तरुणाला गाणी करायला सांगितले. रोम १९०८ साली हार्टफर्ड गावी जन्मले. येल विद्यापीठात शिकून वास्तुशास्त्राकडे वळलेले. पण मंदीत घरे बांधायची कोणी आणि नकाशे काढायचे कोणी? पियानो वाजवून आणि गाणी रचून ते गुजराण करीत. आणि येथे एक गोष्ट घडली, जी वाचून मी चपापलो. हे हलकेफुलके नाटक करायला कामगारच प्रथम राजी नव्हते. युनियनच्या रंगमंचावर काहीतरी भारदस्त हवे, थट्टामस्करी कसली करायची, असे त्यांचे मत! अखेर १९३६ साली व्यावसायिक नटांकडून एक नमुन्याचा प्रयोग करवून तो त्यांना दाखवला, तेव्हा ते तयार झाले. म्हणजे मी त्या मुलींवर जो हुकूम चालवला, तो येथे कामगारांनी स्वतःवरच चालवला होता. गरिबाने रंगमंचावर गंभीरच दिसले पाहिजे, ही समजूत आपल्या मनात किती खोल रुतलेली असते पाहा.

मग तालमी सुरू झाल्या. कटर, शिलाई कारागीर, कच्चे टाके घालणारे असे सगळे दिवसभर कारखान्यात राबून रात्री तालमीला येत. वर्षाहून अधिक काळ हे चालले. वाद्यवृंदाला पैसे नव्हते. साथीला केवळ दोन पियानो, त्यांतल्या एकावर स्वतः रोम. २७ नोव्हेंबर १९३७ रोजी पहिला प्रयोग झाला. नटमंडळी आठवडाभर कामावर, म्हणून प्रयोग प्रथम आठवड्याच्या अखेरीसच होत.

आता ते गाणे. त्याचे नाव 'सिंग मी अ साँग विथ सोशल सिग्निफिकन्स', म्हणजे सामाजिक आशयाचे गाणे ऐकव. प्रयोगाच्या आरंभीच ते येते. कामगार मुले-मुली प्रेक्षकांपुढे येऊन म्हणतात की, चंद्राची आणि आकाशाची गाणी ऐकून आम्ही कंटाळलो. आता युद्धाविषयी, संपाविषयी, भाकरीच्या रांगांविषयी, वर्तमानपत्रातल्या मथळ्यांविषयी गाणी हवीत. येथवर हे गाणे म्हणजे माझेच भाषण. पण पुढे जे आहे ते कोणत्याही भाषणात सापडायचे नाही. मुली मुलांना बजावतात की, तुमच्या गाण्यात सामाजिक आशय ठासून भरलेला नसेल, तर आमचे प्रेम तुम्हाला मिळणार नाही!

या अटीतच सगळी मेख आहे. चंद्राला हाकलून दिले, पण प्रियकर जागच्या जागी उभा आहे. मागणी बदलली, मोबदला मात्र प्रेमाचाच राहिला. शिवाय चाल ऐकाल तर ती रुक्ष घोषणेची चाल नाही. एकदा ऐकली की दिवसभर ओठांवर राहावी अशी, अगदी टिन पॅन अ‍ॅलीतल्या गाण्यासारखी. म्हणजे थट्टा दुहेरी झाली. बाजारू प्रेमगीतांची झाली ती उघडच. पण प्रत्येक गोष्टीला सामाजिक आशयाचे लेबल लावल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्या आमच्यासारख्या कार्यकर्त्याचीही झाली. प्रियकराच्या ओठांतून आर्थिक आकडेवारी ऐकू इच्छिणारी प्रेयसी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हसू का येते ते कळेल.

ही माझीच ओढाताण नाही, हे बाकीच्या गाण्यांवरून दिसते. 'वन बिग युनियन फॉर टू' या गाण्यात प्रेमिक एकमेकांना जन्माची साथ मागतात ती कामगार कराराच्या भाषेत. 'वन बिग युनियन' ही त्या काळची लढाऊ कामगारांची घोषणा. तिच्यापुढे 'दोघांसाठी' एवढेच जोडले आणि घोषणेचे लग्नगीत झाले. 'नोबडी मेक्स अ पास अ‍ॅट मी' हे एका साध्या मुलीचे गाणे. जाहिरातीतली सगळी साबणे, पावडरी आणि मलमे ती वापरते, तरी तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. हसताहसता घशात आवंढा यावा असे ते आहे. प्रेमाचे स्वप्न दाखवून माल कसा विकला जातो, याचे इतके नेमके विवेचन मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले नाही. आणि 'संडे इन द पार्क' हे गाणे तर कोणाचीच थट्टा करीत नाही. सहा दिवस राबणारी माणसे रविवारी बागेत जाऊन मोकळा श्वास घेतात, एवढेच त्यात आहे. प्रेमगीताची थट्टा केलेल्या त्याच मंचावर जिव्हाळ्याच्या गाण्यालाही जागा होती.

पुढाऱ्यांनाही या मंडळींनी सोडले नाही. त्या वर्षांत अमेरिकन कामगार चळवळीत मोठी फूट पडली होती. एका बाजूला विल्यम ग्रीन यांचे जुने महामंडळ, दुसऱ्या बाजूला जॉन लुईस यांची नवी संघटना. ही शिलाई युनियन प्रथम लुईस यांच्याबरोबर गेली, मग १९३८ साली स्वतंत्र झाली आणि १९४० साली जुन्या घरी परतली. या भांडणावर नाटकात 'पापा लुईस, ममा ग्रीन' हे गाणे आले. बाप आणि आई भांडताहेत आणि पोरांचे हाल होताहेत, अशी कल्पना. आपल्याकडे एकाच कारखान्याच्या गेटवर चार-चार झेंडे लावणाऱ्या आम्हा मंडळींवर असे गाणे कोणी केले, तर आम्ही ते आमच्याच मेळाव्यात होऊ देऊ का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे.

नाटकाचे यश चकित करणारे होते. बातम्या बदलत तशी गाणी आणि प्रवेश बदलत. हिटलर आणि मुसोलिनी तर शांततेचे देवदूत होऊन नाचत. ३ मार्च १९३८ रोजी व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासमोर प्रयोग झाला. दुसरी एक मंडळी देशभर दौऱ्यावर निघाली. जून १९३९ मध्ये नाटक मोठ्या विंडसर थिएटरात गेले आणि २२ जून १९४० रोजी थांबले तेव्हा १,१०८ प्रयोग झाले होते. हजाराचा आकडा त्या काळी ब्रॉडवेवर फार थोड्या नाटकांनी ओलांडला होता. यशाची किंमतही द्यावी लागली. प्रयोग रोजचे झाले, तशी कामगारांना यंत्रावरून रजा घ्यावी लागली, आणि ज्यांची गंमत अशी की दिवसा सुई आणि रात्री रंगमंच, ते पुरते नट होऊन बसले. गाण्याने संप जिंकता येत नाही, आणि टाळ्यांनी मजुरी वाढत नाही, हेही मी सांगून टाकतो. मजुरी १९३३ च्या संपाने वाढली होती. नाटक त्यानंतर आले. पण पोटापुरते मिळवलेल्या माणसाला हसण्याचा आणि गाण्याचा हक्क त्या संपाइतकाच स्वतःच्या हाताने घ्यावा लागतो.

मराठी माणसाला ही दुहेरी थट्टा परकी वाटू नये. तमाशातल्या गवळणीत कृष्णाच्या प्रेमलीलेला नाक मुरडणारी मावशी आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. १९२५ साली आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' प्रसिद्ध करून त्या वेळच्या कवींच्या प्रेमविव्हळपणाची रेवडी उडवली; आणि ते त्यांना साधले, याचे कारण त्यांना स्वतःला कविता मनापासून आवडत होती. ज्याला गाणे येत नाही त्याला गाण्याची थट्टाही येत नाही. आणि अण्णा भाऊ साठे यांनी तर याच्या पुढची पायरी गाठली. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड घ्या. ऐकताना ती विरहाची लावणी. पण मैनेपासून तुटलेला हा गडी पोटासाठी मुंबईला आलेला कामगार आहे, आणि त्याच्या विरहातून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दुःख बोलते. न्यूयॉर्कच्या मुलींनी प्रेमाच्या बदल्यात सामाजिक आशय मागितला होता. अण्णा भाऊंनी दोन्ही एकाच गाण्यात दिले. मला हुकूम सोडताना हे आठवायला हवे होते. मुखोद्गत तर होतेच.

१९५५ साली ते छोटे नाटकगृह पाडले गेले. १९६२ साली नाटकाच्या पंचविशीनिमित्त त्यातल्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तीत बार्ब्रा स्ट्रायसँड ही तेव्हा नवखी असलेली गायिका गायली. हॅरॉल्ड रोम १९९३ साली वारले. कपड्यांचे कारखाने अमेरिका सोडून स्वस्त मजुरीच्या देशांकडे गेले, सभासद घटत गेले, आणि १९९५ साली ती युनियन दुसऱ्या एका युनियनमध्ये विलीन झाली. ते कारखाने ज्या देशांत आले, त्यांत आपलाही देश आहे. म्हणून ही गोष्ट मी परक्यांची समजत नाही.

आमच्या कारखान्याचे पुढे काय झाले, तेवढे सांगतो आणि आपली रजा घेतो. दुसऱ्या वर्षीचा मेळावा मी बायकांच्या हवाली केला. त्यांनी सिनेमाची गाणी म्हटली, जशीच्या तशी, चंद्रासकट. मग त्यातल्याच एका चालीवर स्वतःचे शब्द बसवून ओव्हरटाइमवर गाणे म्हटले. आणि शेवटी एका पोरीने माझी नक्कल केली. 'हा माझा शेवटचा मुद्दा' असे म्हणून मी आणखी अर्धा तास कसा बोलतो, ते तिने हुबेहूब करून दाखवले. सभागृह हसून लोटपोट झाले. मला हसायला थोडा वेळ लागला, हे कबूल करतो. कार्यक्रम संपल्यावर तीच मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, राग नाही ना आला? एक सांगायचं होतं." पगारातून दर महिन्याला तिचे पैसे विनाकारण कापले जात होते. वर्षभर तिने ते कोणालाही सांगितले नव्हते.

तो हा माझा खरोखरच शेवटचा मुद्दा.